तिकीट स्वस्त, प्रवास महाग : आशियातल्या भटकंतीविषयीचे गैरसमज

पाठीवर सॅक टाकून थायलंड, लाओस, व्हिएतनामकडे निघणारी मराठी मुलं-मुली आता नवलाईची राहिलेली नाहीत. निघण्याआधीची त्यांची तयारीही चांगली असते. विमानाचं तिकीट सवलतीत मिळवलेलं असतं, हॉस्टेलचे दर पाठ असतात. खिशाला भोक पडतं ते मधल्या टप्प्यांवर, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना. कधीकधी तिथे जिवालाही धोका असतो. या टप्प्यांविषयी ऐकीव माहिती भरपूर आहे आणि तिच्यातली बरीचशी जुनी झालेली आहे. आपण तिकिटाचा आकडा पाहून निर्णय घेतो, पैसे मात्र दारापासून दारापर्यंतच्या प्रवासाचे जातात. नेहमी कानावर येणारे काही समज या हिशेबाने तपासून पाहू.

गैरसमज १ : स्वस्त विमान कंपन्या असताना रेल्वे कशाला?

वस्तुस्थिती : विमानाच्या मूळ तिकिटात तुमची सॅक बहुधा धरलेली नसते. एअरएशियासारख्या कंपन्यांच्या साध्या तिकिटावर हातातल्या सामानाची मर्यादा ७ किलो आहे आणि महिनाभराची सॅक सहज त्याच्या वर जाते. त्यात विमानतळाचा खर्च मिळवा. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि तिथल्या एक्स्प्रेस रेल्वेचं एका वेळचं भाडं ५५ रिंगिट आहे. बँकॉकला तर विमानतळच दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर मधला वेळ आणि खर्च तुमच्या माथी.

उलट बँकॉक ते चिआंग माई हा ७५१ किलोमीटरचा प्रवास रात्रीच्या गाडीने करता येतो. संध्याकाळी बर्थवर आडवं व्हायचं, सकाळी गावात उतरायचं. एका रात्रीचं भाडं वाचतं, सामानाचे वेगळे पैसे पडत नाहीत. वरचा बर्थ खालच्यापेक्षा स्वस्त असतो, फक्त थोडा अरुंद. एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ पासून बँकॉकच्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या क्रुंगथेप अपिवट या नव्या स्टेशनातून सुटतात. जुनी पुस्तकं अजून हुआ लाम्फोंगला पाठवतात.

म्हणून विमान नेहमी चूक असं नाही. हनोई ते सायगॉन हा लोहमार्ग १७२६ किलोमीटरचा आहे आणि गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. वाटेत ह्यू, दा नांग, न्हा त्रांग बघत जाणार असाल तर रेल्वे उत्तम, विशेषतः ह्यू आणि दा नांगच्या मधला समुद्रालगतचा हाय व्हान घाट. थेट टोक गाठायचं असेल तर मात्र विमान घ्या.

गैरसमज २ : लाओसमध्ये रस्ते वाईट, दिवसच्या दिवस जातो.

वस्तुस्थिती : डिसेंबर २०२१ पर्यंत हे खरं होतं. त्या महिन्यात राजधानी व्हिएन्टिआनपासून चीनच्या सीमेवरच्या बोतेनपर्यंत नवी रेल्वे सुरू झाली. डोंगर पोखरून नेलेल्या या मार्गावर गाड्या ताशी १६० किलोमीटर वेगाने धावतात. व्हिएन्टिआन ते लुआंग प्रबांग हे अंतर पूर्वी बसने जवळजवळ अख्खा दिवस खायचं, आता सुमारे दोन तासांत पार होतं. एप्रिल २०२३ पासून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत थेट गाडीही आहे. जुलै २०२४ पासून बँकॉकहून व्हिएन्टिआनला थेट रात्रीची गाडी जाते, त्यामुळे नोंग खाय या सीमेवरच्या थाई गावी उतरून सीमेपलीकडची दुसरी गाडी शोधावी लागत नाही.

इथेही दारापासून दारापर्यंतचा हिशेब सुटत नाही. नव्या मार्गावरची स्टेशनं गावांपासून दूर आहेत, त्यामुळे व्हॅनचे पैसे आणि अर्धा-पाऊण तास वेगळा धरा. मेकाँगवरून हुआय साय ते लुआंग प्रबांग जाणारी संथ बोट दोन दिवस घेते आणि रात्री पाकबेंगला मुक्काम करते. ती पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका. नदी बघायला घ्या, कारण नदी खरंच तेवढी सुंदर आहे.

गैरसमज ३ : रेल्वेचा पास काढला की पैसे वसूल.

वस्तुस्थिती : जपानचा सात दिवसांचा साधा रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन आहे. जाऊन-येऊन २८,००० झाले, म्हणजे पासच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी. आठवड्यात तीन-चार लांबचे टप्पे असतील तरच पास परवडतो. नाहीतर सुटी तिकिटं, एखाद्याच विभागापुरता पास किंवा टोकियो-ओसाका रात्रीची बस बघा. पास घेण्याआधी प्रत्येक टप्प्याचं भाडं मांडून बेरीज करा. दहा मिनिटांचं काम आहे.

गैरसमज ४ : टुकटुक म्हणजे सर्वांत स्वस्त वाहन.

वस्तुस्थिती : बँकॉकमध्ये पर्यटकाला टुकटुक अनेकदा मीटरच्या टॅक्सीपेक्षा महाग पडते. टॅक्सीचं मीटर ३५ बाटपासून सुरू होतं, टुकटुकला मीटरच नसतं. वीस बाटमध्ये शहर दाखवतो म्हणणारा चालक तुम्हाला शिंप्याकडे किंवा रत्नांच्या दुकानात नेतो आणि तिथून कमिशन घेतो. ‘राजवाडा आज बंद आहे’ हे वाक्य त्याच धंद्यातलं. राजवाड्याच्या फाटकापर्यंत स्वतः जा आणि मग ठरवा.

गाडी बोलावायच्या ग्रॅब या अॅपवर आधी दर दिसतो, म्हणून ते सोयीचं आहे. २०१८ मध्ये उबरने आग्नेय आशियातला आपला व्यवसाय ग्रॅबलाच विकला, त्यामुळे तिथे उबर शोधत बसू नका. लाओसमध्ये ग्रॅब नाही, तिथे लोका हे अॅप चालतं. खरी स्वस्ताई मात्र साँगथाव नावाच्या गाड्यांत आहे. पिकअपच्या मागे दोन समोरासमोर बाकडी, वाटेत हात दाखवला की थांबणारी, म्हणजे आपलं वडापच. चिआंग माईच्या लाल साँगथावला थांबवा, ठिकाण सांगा, चढण्याआधी दर विचारा.

गैरसमज ५ : भारतातलं लायसन्स आहे, स्कूटर बिनधास्त घ्या.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत घातक आहे. परदेशी वाहन चालवायला आपल्याकडचं आरटीओ एक वर्षाचं आंतरराष्ट्रीय परमिट देतं. ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतं. थायलंड त्या करारात आहे, म्हणून तिथे ते चालतं, पण त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. फक्त चारचाकीचं लायसन्स असेल तर स्कूटर चालवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं परमिट मानतं, त्यामुळे भारतीय परमिट तिथे वैध ठरत नाही.

दुकानदार तुमच्याकडे काही मागत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. प्रश्न अपघातानंतर उभा राहतो. बहुतेक प्रवास विम्यांत अट असते की त्या देशात वैध असलेल्या परवान्यावरच वाहन चालवलेलं असावं. ती मोडली तर हॉस्पिटलचं बिल तुमचं आणि घरच्यांचं. परवाना नसेल तर मागच्या सीटवर बसा. हाय व्हान घाटासाठी चालकासकट मोटारसायकल मिळते. परवाना असेल तर चांगलं हेल्मेट मागून घ्या, गाडीचे आधीचे ओरखडे मोबाइलवर टिपा आणि पासपोर्ट कधीही तारण ठेवू नका. रोख अनामत द्या किंवा दुसरं दुकान बघा.

गैरसमज ६ : रात्रीची बस म्हणजे एका रात्रीचं भाडं वाचलं.

वस्तुस्थिती : वाचतं, पण उतरण्याची वेळ बघा. पहाटे चारला पोचलात आणि हॉस्टेलची खोली दुपारी मिळणार असेल तर वाचलेले पैसे टॅक्सीत आणि चहा-नाश्त्यात जातात. एकट्या मुलीने तर पोचण्याची वेळ उजेडातलीच निवडावी. बँकॉकच्या खाओ सान भागातून सुटणाऱ्या फार स्वस्त पर्यटक बसमध्ये डिकीतल्या सॅका उघडून चोऱ्या झाल्याचे प्रकार प्रसिद्ध आहेत. त्यापेक्षा मो चित, एक्कामाई, साय ताय माय या मोठ्या बस स्थानकांवरून सुटणारी गाडी घ्या. पासपोर्ट, पैसे, मोबाइल अंगावर ठेवा, डिकीत कपडेच जाऊ द्या. उंच माणसाला व्हिएतनामच्या स्लीपर बसमध्ये पाय पूर्ण पसरता येत नाहीत, हेही जमेस धरा.

गैरसमज ७ : जमिनीवरची सीमा कुठूनही ओलांडता येते.

वस्तुस्थिती : व्हिसा देशाचा असला तरी प्रवेश ठरावीक नाक्यांवरूनच मिळतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा जाहीर झालेल्या नाक्यांवरच चालतो. थायलंडमध्ये व्हिसामाफीवर जमिनीच्या मार्गाने एका वर्षात दोनदाच प्रवेश मिळतो, आणि मे २०२५ पासून येण्याआधी डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. नाके रात्री बंद होतात. काही वेळा वादामुळे सरसकट बंद होतात. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमा तशीच बंद झाली आणि बँकॉकहून अंगकोरला रस्त्याने जाण्याचा नेहमीचा मार्ग तुटला. म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीमेची स्थिती दोन्ही देशांच्या अधिकृत संकेतस्थळांवर पाहा. नाक्याच्या अलीकडे ‘व्हिसा इथेच काढा’ म्हणणाऱ्या दलालाला टाळा आणि खऱ्या खिडकीपर्यंत चालत जा.

गैरसमज ८ : तिकिटं तिथे गेल्यावर मिळतातच.

वस्तुस्थिती : एरवी मिळतात. एप्रिलच्या मध्यात थायलंडचं सोंगक्रान आणि जानेवारी-फेब्रुवारीत व्हिएतनामचं तेत आलं की अख्खा देश गावी निघतो. त्या दिवसांची तिकिटं आधीच काढा.

आता प्रत्येक टप्प्यासाठी पाच गोष्टी वहीत लिहा : कुठून सुटतं, किती वाजता पोचतं, तिथून अंथरुणापर्यंत काय लागतं, सामानाचे किती, कागद कोणते. पाचही भरल्यावर जो आकडा येतो तो त्या प्रवासाचा खरा खर्च. कधी तो सर्वांत स्वस्त तिकिटाचाच निघेल, अनेकदा नाही. या भटकंतीसाठी तुम्ही महिनोन्महिने पैसे साठवलेले असतात. ते वाचवायचे तर सामान, जेवण, खोली यांत खुशाल काटकसर करा. परवाना, हेल्मेट, विमा आणि उजेडात पोचणं यांत मात्र एक रुपयाही वाचवू नका.