चुंबकीय संवेदक : न दिसणारे टिपणारी इंद्रिये

धनादेश लिहिताना आपले सारे लक्ष रक्कम, दिनांक आणि स्वाक्षरी यांवर असते. त्याच्या तळाशी असलेल्या पांढऱ्या पट्टीकडे आपण क्वचितच पाहतो. या पट्टीवरील अंक जरा वेगळ्या घडणीचे आहेत. त्यांच्या काही रेघा अकारण जाड, तर काही बारीक दिसतात. हे अंक केवळ डोळ्यांसाठी नाहीत. ते ज्या शाईने छापतात तिच्यात लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात आणि यंत्र त्यांचे चुंबकत्व टिपून अंक ओळखते. 'एम.आय.सी.आर.' या नावाने परिचित असलेली ही पद्धत अमेरिकेत १९५०च्या दशकात विकसित झाली व भारतात १९८०च्या दशकात आली.

मानवाच्या पंचेंद्रियांना चुंबकीय क्षेत्राची जाणीव होत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आपण जन्मभर वावरतो, पण ते आपल्याला कधी जाणवत नाही. ही उणीव भरून काढणारी साधने म्हणजे चुंबकीय संवेदक होत. त्यांची कार्यपद्धती मुख्यतः तीन तत्त्वांवर आधारलेली आहे.

तीन तत्त्वे

पहिले तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचे. तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले, की त्या तारेत विद्युतदाब निर्माण होतो. धनादेश वाचणाऱ्या यंत्रात धनादेश प्रथम एका चुंबकाजवळून सरकतो, त्यामुळे शाईतील कण चुंबकित होतात. मग तो वाचक-शीर्षाखालून जातो. अंकाची जाड रेघ, बारीक रेघ आणि मधली रिकामी जागा यांप्रमाणे विद्युतदाब वर-खाली होतो आणि प्रत्येक अंकाची स्वतःची एक लहर उमटते. त्या पट्टीवर शिक्का उमटला किंवा साध्या शाईचा डाग पडला, तरी यंत्र सहसा गोंधळत नाही, कारण साध्या शाईला चुंबकत्व नसते.

या तत्त्वाची मर्यादा अशी, की क्षेत्र बदलत राहिले तरच संकेत मिळतो. चुंबकीय पट्टीचे कार्ड यंत्रात विशिष्ट गतीने ओढावे लागते, त्याचे कारण हेच. स्थिर राहिलेली पट्टी अशा शीर्षाच्या दृष्टीने कोरीच असते.

स्थिर क्षेत्र मोजण्यासाठी दुसरे तत्त्व उपयोगी पडते. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या तरुण विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यातून विद्युतप्रवाह सोडला आणि तो पत्रा चुंबकीय क्षेत्रात धरला. तेव्हा पत्र्याच्या दोन कडांमध्ये अत्यल्प विद्युतदाब आढळला. पाटातून सरळ वाहणारे पाणी एखाद्या शक्तीने एका काठाकडे दाबले, तर त्या काठाशी पातळी किंचित चढेल आणि दुसऱ्या काठाशी उतरेल. हॉल यांच्या पत्र्यातही वाहणारे विद्युतभार असेच एका कडेला ढकलले गेले होते. क्षेत्र जितके तीव्र, तितका दोन कडांमधील विद्युतदाब अधिक. सोन्यात हा परिणाम फारच क्षीण असतो. अर्धवाहक पदार्थांत तो पुष्कळ मोठा मिळतो, म्हणून आज तांदळाच्या दाण्याएवढ्या हॉल संवेदकांचे विपुल उत्पादन होते.

तिसरे तत्त्व विद्युतरोधाचे. काही धातूंचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्रात बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५०च्या दशकात दाखवले होते. १९८८ साली आल्बेर फेर आणि पीटर ग्र्युनबर्ग यांना, काही अणूंएवढ्या जाडीचे चुंबकीय व अचुंबकीय थर एकावर एक रचल्यास हा बदल कितीतरी पटींनी वाढतो, असे स्वतंत्रपणे आढळले. या शोधामुळे संगणकाच्या हार्ड डिस्कवरील अतिसूक्ष्म नोंदी वाचणे शक्य झाले आणि तिची साठवणक्षमता झपाट्याने वाढली. दोघांना २००७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

घरोघरी आणि रस्तोरस्ती

आज हे संवेदक आपल्या अवतीभवती पसरलेले आहेत. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची मूठ पिळली, की बहुधा एक हॉल संवेदक तिच्यातील चुंबकाची स्थिती टिपतो आणि मोटारीला किती वीज द्यायची ते ठरते. मोटारगाडीच्या चाकाजवळील संवेदक चाकाची गती मोजत असतो. अचानक ब्रेक दाबल्यावर चाक जखडण्याच्या बेतात आले, तर त्याच्या सूचनेवरून ब्रेकचा दाब क्षणभर सैल केला जातो आणि गाडी घसरत नाही. मोबाइलमधील होकायंत्र, तार न तोडता तिच्यातील प्रवाह मोजणारा चिमटा-मापक, आणि कुणी चुंबक लावून वीजमापकाशी छेडछाड केली तर त्याची नोंद ठेवणारी व्यवस्था, ही सारी याच कुटुंबातील मंडळी होत.

या मोजमापाचा आवाका थक्क करणारा आहे. रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्राचे क्षेत्र सामान्यतः दीड ते तीन टेस्ला असते. पृथ्वीचे क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, म्हणजे त्याच्या कित्येक हजारांश भाग. मेंदूतील विद्युतक्रियांमुळे उमटणारे क्षेत्र तर पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यंश भागाहूनही क्षीण असते, परंतु अतिशीत तापमानात काम करणारे 'स्क्विड' संवेदक तेही टिपतात. २०२३ साली प्रक्षेपित झालेल्या भारताच्या 'आदित्य-एल१' यानावरही अंतराळातील चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण आहे.

कुलाब्याहून अलिबागला

संवेदक इतका तरल असला, तरी त्याची एक मर्यादा आहे. तो क्षेत्र मोजतो, ते क्षेत्र कोणाचे हे सांगत नाही. याचा एक जुना दाखला मुंबईतच घडला. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. १८५९ सालच्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही तेथे झाली. पुढे मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या ट्राम येणार, असे ठरले. विजेच्या त्या प्रवाहांचे क्षेत्र आणि पृथ्वीचे क्षेत्र यांत उपकरणांना भेद करता आला नसता. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथे अचुंबकीय दगडाची इमारत उभी राहिली आणि १९०४ साली काम सुरू झाले. मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती १९०७ साली. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून तेथील नोंदी जगभरातील अभ्यासकांना उपयुक्त ठरतात.

ग्राहकांनी जाणून घ्यावे असे

हीच मर्यादा आपल्या खिशातील कार्डालाही लागू पडते. कार्डाच्या मागील काळ्या पट्टीवर खाते ओळखण्यासाठी लागणारी माहिती चुंबकीय खुणांनी लिहिलेली असते आणि ती दर वेळी तीच राहते. बँकेच्या यंत्रातील शीर्ष ती वाचते, तसे चोराने यंत्राच्या फटीत बसवलेले शीर्षही वाचते. त्या माहितीवरून दुसरी पट्टी तयार केली, तर अस्सल आणि नक्कल यांच्या चुंबकीय खुणा सारख्याच. 'स्किमिंग' नावाची फसवणूक याच उणिवेवर पोसली गेली.

म्हणून भारतीय रिझर्व्ह बँकेने केवळ चुंबकीय पट्टी असलेली कार्डे बदलून चिपयुक्त कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घालून दिली. चिप केवळ माहिती वाचून दाखवत नाही. प्रत्येक व्यवहारासाठी ती नवा गुप्त संकेत तयार करते, त्यामुळे एकदा चोरलेला संकेत पुन्हा चालत नाही. बहुतेक कार्डांवर पट्टी अजूनही दिसते, म्हणून काही पथ्ये पाळणे हिताचे. कार्ड तीव्र चुंबकाजवळ ठेवू नये. ए.टी.एम.ची फट सैल किंवा नेहमीपेक्षा वेगळी वाटल्यास तेथे व्यवहार करू नये. पिन दाबताना दुसऱ्या हाताने आडोसा धरावा. धनादेशाच्या तळाची पट्टी दुमडू नये आणि तिच्यावर काही लिहू नये.

पट्टीवरील खूण संवेदक अचूक वाचील, पण ती ज्याच्या हाती आहे तो तिचा खरा धनी आहे काय, हे त्याला कळणार नाही. ते राखण्याचे काम बँकेची सुरक्षाव्यवस्था आणि आपली सावधगिरी यांनी मिळूनच करावयाचे आहे.