दरोड्यात शिक्षा झाली, आता पुढे काय?

गोरेगावातल्या दरोड्याचा खटला सहसा गोरेगावातच, दिंडोशीच्या सत्र न्यायालयात चालतो. शिक्षा झाली की अपील मात्र फोर्टला, मुंबई उच्च न्यायालयात करावं लागतं. निकालाच्या दिवशी घरच्यांना सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातले बरेच सल्ले नुकसान करणारे असतात.

‘अपील म्हणजे दयेची विनवणी. सेशनने दिलेली शिक्षा वर कोण बदलणार?’ अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे. उच्च न्यायालय साक्षीपुरावा पहिल्यापासून स्वतः तपासतं. साक्षीदार मात्र पुन्हा बोलावले जात नाहीत. नवा पुरावा अपवादानेच घेतला जातो. दिंडोशीत जे कागदावर आलं त्यावरच सगळं ठरतं. म्हणून उलटतपासणीत न विचारलेला प्रश्न पुढे फार महागात पडतो.

कागदावर काय दडलेलं असतं, ते नाशिकजवळच्या 2003 सालच्या दरोड्यात दिसलं. 5 जूनच्या रात्री एका कुटुंबावर हल्ला झाला. पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना 2006 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे त्याच न्यायालयाने फेरविचारात आपला निकाल मागे घेऊन अपिलं पुन्हा ऐकली आणि 5 मार्च 2019 रोजी सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, आणि त्यांच्यावर खटलाच चालला नव्हता! ही नोंद पहिल्यापासून होती. राज्य सरकारला प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यावी लागली. सोळा वर्षं गेली ती गेलीच, आणि ज्यांची माणसं मारली गेली त्या घरालाही न्याय मिळाला नाही.

‘अपील केलं तर शिक्षा वाढते.’ ही भीती दाखवून कितीतरी जणांना गप्प बसवलं जातं. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. त्यासाठी सरकारचं अपील लागतं किंवा न्यायालयाने स्वतः वेगळी नोटीस काढून आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. नाशिकच्या खटल्यात जन्मठेपेची पुन्हा फाशी झाली ती सरकार अपिलात गेलं म्हणून.

‘अपील दाखल झालं की माणूस घरी येतो.’ तसं होत नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांचा अर्ज वेगळा करावा लागतो. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत खालचं न्यायालयही अपील दाखल होईपर्यंत जामीन देऊ शकतं. दरोड्यात शिक्षा बहुधा जास्त असते, त्यामुळे उच्च न्यायालयातच जावं लागतं.

‘टोळीत होता ना, मग सगळ्यांना सारखंच.’ दरोड्यासाठी किमान पाच जण लागतात. ठरावीक पाचच जणांवर आरोप असेल, दोघे सुटले आणि आणखी कोणी होतं असं सिद्ध झालं नाही, तर उरलेल्या तिघांवर दरोडा टिकत नाही. जबरी चोरी टिकू शकते. पाचवा फरार आहे पण होता हे सिद्ध झालं, तर मात्र टिकतो. प्राणघातक हत्यार वापरल्याबद्दल किमान सात वर्षांची शिक्षा (जुन्या भारतीय दंड संहितेत कलम 397, 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेत कलम 311) ज्याने ते वापरलं त्यालाच लागते. फक्त, वापर म्हणजे वार करणंच नव्हे: समोरच्याला दिसेल असा सुरा हातात धरला तरी तो वापर ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितलं आहे. म्हणून कोणाच्या हातात काय होतं, हे साक्षीदार नेमकं काय बोलला त्यावरून तपासायला हवं.

‘पैसे जमले की करू.’ उच्च न्यायालयातल्या अपिलाला 60 दिवसांची मुदत आहे; फाशी झाली असेल किंवा मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावला असेल तर 30. निकालाची नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत लगेच, फुकट मिळते. तुरुंगातला माणूस अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.