महाड-पोलादपूरच्या पोरांना गावाजवळ फायरमनची नोकरी मिळते का? भरती कशी चालते, समजून घ्या

२४ ऑगस्ट २०२०. संध्याकाळची वेळ. महाडच्या काजळपुरा भागातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. एनडीआरएफची पथकं पुण्याहून घाट उतरून येईपर्यंत ढिगाऱ्याजवळ होते ते महाडचेच लोक.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, महाड पुरात बुडालं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार दगावले.

पूर, दरड, केमिकलची आग, घाटातले अपघात. एवढं सगळं दोन तालुक्यांच्या वाट्याला आलंय. प्रत्येक वेळी मदतीला धावणारी पोरंही इथलीच असतात. मग याच पोरांना हे काम पूर्णवेळ, पगारी, कायमची नोकरी म्हणून करता येईल का?

येईल. पण रस्ता सरळ नाही.

आग विझवणं नेमकं कुणाचं काम?

आपल्याकडे पोलीस खातं जसं राज्य सरकारचं, तसं फायर ब्रिगेड नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यात अग्निशमन सेवा हा विषय शहरी स्थानिक संस्थांच्या यादीत गेला. म्हणजे मुंबईत महापालिका, महाडमध्ये नगरपरिषद, पोलादपूरमध्ये नगरपंचायत. राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय आहे, पण ते मुख्यतः प्रशिक्षण, नियम आणि देखरेखीचं काम बघतं.

याचा भरतीवर थेट परिणाम होतो. 'महाराष्ट्र फायरमन भरती' अशी पोलीस भरतीसारखी एकच मोठी जाहिरात निघत नाही. प्रत्येक संस्था आपापली जाहिरात काढते, तीही जागा मंजूर असतील तेव्हाच.

मग अर्ज करायचा कुठे?

चार दारं आहेत.

पहिलं, नगरपरिषद. इथे दोन प्रकार नीट वेगळे करा. अधिकारी पदं राज्यस्तरावर, नगरपरिषद प्रशासन संचालनालयाच्या परीक्षेतून भरली जातात. २०२३ च्या जाहिरातीत गट-क च्या एकूण १,७८२ जागा होत्या, त्यातल्या ३७२ अग्निशमन सेवेच्या. पण त्यासाठी पदवी आणि उपस्थानक अधिकारी अभ्यासक्रम लागतो. शिवाय हा राज्याचा संवर्ग असल्यामुळे नेमणूक महाडलाच मिळेल याची खात्री नसते. साध्या फायरमनची पदं मात्र त्या-त्या नगरपरिषदेच्या आस्थापनेवर असतात.

दुसरं दार एमआयडीसीचं. एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन यंत्रणा आहे. तिथे फायरमनच्या पदाला 'अग्निशमन विमोचक' म्हणतात. जाहिरातीत 'फायरमन' शोधत बसलात तर हे पद नजरेतून सुटेल.

तिसरं, मोठ्या महापालिका. मुंबई महापालिकेने २०२३ च्या सुरुवातीला ९१० अग्निशामकांची भरती केली. अट होती बारावी पास. मुंबईत आधी निवड होते आणि प्रशिक्षण नंतर दिलं जातं. इतर अनेक ठिकाणी मात्र कोर्स आधीच झालेला असावा लागतो.

चौथं, खासगी कारखाने. केमिकल कंपन्यांना स्वतःची आग विझवणारी माणसं लागतात. ही सरकारी नोकरी नाही, पण घराजवळचं काम आणि अनुभव दोन्ही मिळतं.

कोर्स कुठला? इथेच अनेक जण फसतात

राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र मुंबईत, सांताक्रूझच्या कलिना भागात आहे. तिथला अग्निशामक अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. त्यासाठी दहावी पास लागते, खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के गुणांसह. आतापर्यंतच्या जाहिरातींत पुरुषांसाठी उंची १६५ सेंमी, वजन ५० किलो आणि छाती ८१ सेंमी, फुगवून ५ सेंमी जास्त, अशी अट राहिली आहे.

वयाची अट सगळ्यात कडक आहे. खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २३. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. नोकरीच्या जाहिरातीत वयोमर्यादा यापेक्षा जास्त असू शकते, पण कोर्सचं दार तोवर बंद झालेलं असतं. 'आधी ग्रॅज्युएशन करू, मग बघू' म्हणणारा मुलगा चोविसाव्या वर्षी जागा होतो, तेव्हा सहा महिन्यांच्या कोर्सला त्याचं वय उलटलेलं असतं.

दुसरा सापळा खासगी डिप्लोम्याचा. 'फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के नोकरी' असे बोर्ड तालुक्याच्या गावातही दिसतात. कारखान्यातल्या नोकरीसाठी असा डिप्लोमा काही वेळा चालतो. सरकारी जाहिरातीत मात्र बहुतेक वेळा राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा किंवा सरकारमान्य समकक्ष कोर्स मागितलेला असतो. फी भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा: नगरपरिषदेच्या किंवा एमआयडीसीच्या मागच्या जाहिरातीत तुमचं प्रमाणपत्र चाललं होतं का? उत्तर तोंडी घेऊ नका, ती जाहिरात दाखवायला सांगा.

लहान गावात जागा इतक्या कमी का?

कारण पगाराचं गणित. बंब विकत घ्यायला एकदा पैसे लागतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी आणि आधुनिक करण्यासाठी ५,००० कोटींची योजना आणली. पण बंबावर २४ तास माणसं ठेवायची तर तीन पाळ्या आल्या, शिवाय सुट्ट्यांसाठी जादा माणसं आली. हा खर्च दर महिन्याचा आणि कायमचा. घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणाऱ्या लहान संस्थेला तो जड जातो.

किती पदं असावीत हे 'आकृतिबंध' ठरवतो, म्हणजे सरकारने मंजूर केलेला पदांचा आराखडा. त्यात पद नसेल तर कायम भरती नाही. मग अनेक लहान संस्था ठेकेदारामार्फत कंत्राटी फायरमन घेतात. काम तेच, धोकाही तोच. पण वेतनश्रेणी नाही, आणि ठेका संपला की नोकरीचाही भरवसा नाही.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. देशात अग्निशमनाचा जो निकष धरला जातो, त्यानुसार मदत शहरात ५ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत पोहोचायला हवी. महाड ते पोलादपूर हेच अंतर जवळपास २० किलोमीटर. पुढे आंबेनळी किंवा कशेडी घाट, आणि पावसाळ्यात रस्त्यावर दरड.

आता करायचं काय?

अठरावं लागलं की कोर्सच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. उंची, छाती आजच मोजून घ्या. धावणं, दोर चढणं, उंचावरून जंपिंग शीटमध्ये उडी आणि खांद्यावर ५० किलोचा पुतळा वाहून नेणं, मैदानी चाचणीत असे प्रकार असतात. यातलं बरंचसं गावच्या मैदानावर, दगडाच्या पोत्यानेही जमतं. पोहायला शिका, सावित्रीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जड वाहन परवाना काढला तर चालक-यंत्रचालक हे आणखी एक पद खुलं होतं.

आणि अर्ज एकाच दारात टाकून थांबू नका. मुंबईत किंवा एमआयडीसीत काढलेली वर्षं पुढे कामाला येतात.

शेवटचा मुद्दा भरतीच्या पलीकडचा. नगरपरिषदेत मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. उमेदवार म्हणून ते कळायला हवंच. पण पुढच्या पावसाळ्यात ज्याच्या घरी फोन लागणार आहे, अशा प्रत्येकालाही ते कळायला हवं.