आमचा रविवार आणि त्यांचे रामायण

टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी, २८ मार्च २०२० रोजी, दूरदर्शनने रामानंद सागर यांचे 'रामायण' पुन्हा सुरू केले. सकाळी नऊला एक भाग, रात्री नऊला दुसरा. कोर्टात तातडीच्या प्रकरणांखेरीज काम नव्हते, पक्षकारांचे फोनही थांबले होते. आम्ही ते पाहिले. बावीस प्रतिज्ञांमधली दुसरीच प्रतिज्ञा राम-कृष्णाला देव न मानण्याची. अशा घरातला, चळवळीतला माणूस हे कशाला पाहतो, असे वाचक विचारतील आणि त्यांनी विचारावेच. त्या मालिकेच्या सुरुवातीच्या सुरांबरोबर आम्हाला आमचे वडील आठवतात, हे त्याचे खरे उत्तर आहे.

२५ जानेवारी १९८७ च्या रविवारी मालिका सुरू झाली तेव्हा घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आमच्या घरी टीव्ही नव्हता. जवळच्या चाळीतील एका काकूंकडे होता. साडेनऊच्या आत काकू टीव्हीला हार घालीत, उदबत्ती लावीत. चपला बाहेर, आम्ही पोरे फरशीवर. विहारात वंदना नऊची. पंचशील संपते न संपते तोच मागच्या रांगा रिकाम्या होत. अखेर वंदना आठवर आणावी लागली. काकू प्रेमळ होत्या, आमच्या जातीचा उच्चार त्यांनी कधी केला नाही. फक्त पाणी मागितले की इतरांना स्टीलचा पेला मिळे आणि आम्हाला जर्मनचा. तो पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असे.

त्याच काळात महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम', संपादक वसंत मून. त्यात राम आणि कृष्णावरील परिशिष्ट होते. खुद्द वाल्मीकी रामायणाचे दाखले देऊन बाबासाहेबांनी वालीवधापासून सीतात्यागापर्यंत आणि शंबूकाच्या हत्येपर्यंत प्रश्न विचारले होते. शिवसेना आणि मराठा महासंघ रस्त्यावर उतरले, परिशिष्ट काढा म्हणाले, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत भीमसैनिकांचा प्रचंड मोर्चा निघाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे आपले गट त्या दिवशी एकत्र चालले. (तसे पुन्हा किती वेळा चालले, हा प्रश्न आज नको.) मोर्चा गेल्यावर शिवसेनेच्या मंडळींनी हुतात्मा चौक 'शुद्ध' करून घेतला.

वडिलांनी त्या शुक्रवारी कामावर खाडा केला होता. रात्री घसा बसवून परतले. दोन दिवसांनी रविवार. आम्ही चौथीत, दाराशी घुटमळत होतो. ते म्हणाले, "जा. पण आल्यावर शंबूक आला का ते सांग." मग दर रविवारी तेच.

"आला का रे?"

"नाही, दादा."

"बघ पुढच्या रविवारी."

३१ जुलै १९८८ ला मालिका संपली, शंबूक काही आला नाही. दादांनी आम्हाला मालिका पाहण्यास कधी मनाई केली नाही. साक्षीदार काय सांगतो त्याबरोबर काय गाळतो तेही ऐकावे, ही सवय आम्हाला वकिलीच्या आधीच तिथे लागली.

'रिडल्स'चा वाद मिटला तो असा: परिशिष्ट राहिले, पण त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप पुस्तकात आली. संविधानाच्या शिल्पकाराच्या ग्रंथाला शासनाची टीप! आणि शासनाच्याच वाहिनीवर दीड वर्ष चाललेल्या रामायणाला तसली टीप आमच्या पाहण्यात आली नाही. १९८७ मध्ये नाही, २०२० मध्येही नाही. धर्मनिरपेक्ष राज्य कुणापासून अंतर राखते आणि कुणापासून राखत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हाला कोर्टात क्वचितच मिळाला असेल.

गंमत अशी की १९८८ मध्ये जालंधरला सफाई कामगारांनी संप केला तो मालिका पुढे चालू राहावी म्हणून. वाल्मीकी समाजाला उत्तरकांडातले आपले वाल्मीकी पडद्यावर हवे होते. सरकार नमले, 'उत्तर रामायण' आले. त्या कामगारांना आम्ही हसणार नाही. स्वतःचा चेहरा पडद्यावर शोधणारे आम्हीही होतोच, फक्त आम्ही दुसऱ्या चेहऱ्याची वाट पाहत होतो.

मालिका आता फार संथ वाटली. आकाशात एकमेकांना भिडणारे बाण पाहून आमची मुलगी हसून लोळली. आम्हाला मात्र ते बाण पुन्हा आवडले, हे कबूल केले पाहिजे. १४ एप्रिलला सकाळी घरीच बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन केले, कारण चैत्यभूमीवर जाता येत नव्हते. शेजारच्या खिडकीतून रामायणाचा आवाज येत होता. दुपारनंतर बातम्यांत वांद्रे स्थानकाजवळ जमलेले, गावी जाऊ द्या म्हणणारे हजारो मजूर दिसले.

त्या रात्री आम्ही मालिका लावली नाही. मुलीने आजीला विचारले, त्या काकूंचे पुढे काय झाले? आमच्या आईने सांगितले, काकू कल्याणला गेल्या आणि जाताना टीव्ही दादांनाच विकून गेल्या. १९९० साली बाबासाहेबांना भारतरत्न जाहीर झाल्याची बातमी आम्ही त्याच टीव्हीवर पाहिली. ती पाहायला अर्धी गल्ली आमच्या घरात बसली होती, आणि आई सगळ्यांना एकाच तांब्याने पाणी देत होती.