शाळा आणि बालगुन्हेगारी : कारणांचा शोध

न्यायालयापुढे आणल्या गेलेल्या मुलाची शाळेतील नोंद पाहिली, तर ती क्वचितच समाधानकारक असते. हजेरीपटावर गैरहजेरी अधिक, एखाद्या इयत्तेत दोनदा बसावे लागलेले, शिक्षकांचा शेरा प्रतिकूल. मुंबईतील परिवीक्षा अधिकाऱ्याचा हा जसा अनुभव, तसाच तो लंडन किंवा बोस्टन येथील अधिकाऱ्याचाही आहे. या अनुभवावरून दोन निष्कर्ष फार त्वरेने काढले जातात. शाळेने टाकलेले मूल गुन्ह्याकडे वळते, असे काहीजण म्हणतात. मुळात बिघडलेले मूल शाळेतही टिकत नाही, असे दुसरे म्हणतात. दोन्ही मते ऐकताक्षणी पटण्याजोगी आहेत आणि अडचण नेमकी तेथेच आहे. पहिले मत खरे असेल तर उपाय शाळेतच शोधावा लागेल. दुसरे खरे असेल तर मूल शाळेत येण्यापूर्वीच तो योजावा लागेल. आणि अभ्यासातील अपयश व गुन्हा ही दोन्ही एखाद्या तिसऱ्याच कारणापासून उद्भवत असतील, तर शाळेवर कितीही खर्च केला तरी न्यायालयातील गर्दी हटणार नाही.

हा गुंता सोडविण्याचा एक महत्त्वाचा प्रारंभीचा प्रयत्न सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी केला. लंडन काउंटी कौन्सिलने १९१३ साली त्यांची शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली होती. गुन्हेगार ठरलेली सुमारे दोनशे मुले घेऊन त्यांची चारशे इतर मुलांशी त्यांनी तुलना केली, आणि १९२५ साली ‘दि यंग डेलिंक्वन्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दारिद्र्य, घरातील शिस्तीचे दोष, शरीरप्रकृती, अभ्यासातील मागासलेपण अशी १७० हून अधिक कारणे त्यांनी नोंदविली आणि गुन्ह्याला एकच एक कारण असते ही समजूत मोडीत काढली. (जुळ्या भावंडांवरील बर्ट यांच्या नंतरच्या संशोधनातील आकडे त्यांच्या मृत्यूनंतर, १९७० नंतरच्या दशकात, संशयास्पद ठरले, त्यामुळे त्यांचे नाव आता जपूनच घेतले जाते. गुन्हेगार मुलाशेजारी गुन्हा न केलेले मूल उभे करून पाहण्याची पद्धत मात्र टिकली.)

ही पद्धत अधिक काटेकोरपणे वापरली ती हार्वर्ड विद्यापीठातील शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या पतिपत्नींनी. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सुधारशाळांत पाठविलेली ५०० मुले आणि बोस्टनच्या सार्वजनिक शाळांतील ५०० मुले त्यांनी निवडली. प्रत्येक गुन्हेगार मुलाला वय, वंश, बुद्ध्यंक आणि वस्ती या चार बाबतींत जुळणारा एक जोडीदार शोधण्यात आला. म्हणजे बुद्धी कमी म्हणून अभ्यास नाही, आणि अभ्यास नाही म्हणून गुन्हा, ही सोपी साखळी त्यांनी आरंभीच तोडून ठेवली होती. तरीही १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन गटांतील शालेय अंतर कायमच होते : शाळा चुकविणे, शाळेविषयी अप्रीती, वर्गातील बेशिस्त या गोष्टी पहिल्या गटात कितीतरी अधिक आढळल्या.

परंतु ही सारी माहिती मुलगा सुधारशाळेत पोहोचल्यावर गोळा केलेली होती. मुलगा गुन्हेगार ठरला हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे, त्याला त्या मुलाचे पूर्वीचे वर्तनही काळेच आठवते. ग्लूक दांपत्याने जमविलेल्या कागदपत्रांच्या पेट्या पुढे हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहिल्या. जॉन लाउब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी त्या बाहेर काढल्या, संगणकाच्या साहाय्याने सर्व माहितीची नव्याने छाननी केली आणि १९९३ साली दाखवून दिले की, दारिद्र्याचा परिणाम बहुतांशी घरातील देखरेख आणि शाळेविषयीचा जिव्हाळा यांच्या द्वारेच मुलापर्यंत पोहोचतो. गरीब घरातही ही दोन बंधने घट्ट असली, तर मुलगा सहसा वाहवत जात नाही.

दुसरा दोष याहून व्यापक आहे. सुधारशाळेतील मुले ही गुन्हे करणारी सर्व मुले नव्हेत. ती केवळ सापडलेली मुले होत. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो आपल्या अहवालात ताब्यात घेतलेल्या बालकांचे शिक्षण किती झाले याचे कोष्टक देत आला आहे, आणि ते पाहून अशिक्षितपणा व गुन्हा यांचे नाते सिद्ध झाले असे मानण्याचा मोह होतो. रस्त्यावर राहणारा मुलगा पोलिसांच्या दृष्टीस लवकर पडतो. बंगल्यातल्या मुलाची चोरी घरातच मिटविली जाते. म्हणून संशोधक आता न्यायालयाच्या नोंदीबरोबरच मुलांना स्वतःला, नाव गुप्त राखण्याच्या हमीवर, त्यांच्या कृत्यांविषयी विचारतात. अशा पाहण्यांत किरकोळ अपराधांपुरते वर्गावर्गातील अंतर बरेच कमी झालेले दिसते; गंभीर आणि वारंवार केलेल्या अपराधांत ते उरते.

यावर खरा उपाय म्हणजे काही घडण्यापूर्वीच पाहणीला आरंभ करणे. डोनाल्ड वेस्ट यांनी १९६१ साली तसे केले. डेव्हिड फॅरिंग्टन हे पुढे त्यांना येऊन मिळाले. केंब्रिज विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी ही पाहणी प्रत्यक्षात दक्षिण लंडनच्या एका कामगार वस्तीत झाली. तेथील आठ-नऊ वर्षांची ४११ मुले निवडून शिक्षकांना, आईबापांना आणि वर्गमित्रांना त्यांच्याविषयी विचारण्यात आले, आणि मग केवळ वाट पाहिली गेली. सतराव्या वर्षापर्यंत त्यांतील सुमारे एक-पंचमांश मुले न्यायालयात दोषी ठरली होती. पन्नाशीपर्यंत हे प्रमाण ४१ टक्क्यांवर गेले. परंतु एकूण अपराधसिद्धींपैकी निम्म्याहून अधिक केवळ ७ टक्के व्यक्तींच्या नावावर होत्या. प्राथमिक शाळेत शिक्षकांनी आणि सोबत्यांनी ज्यांना त्रासदायक म्हटले होते, तीच मुले पुढे अधिक प्रमाणात दोषी ठरली. मात्र या भाकिताची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सर्वांत त्रासदायक गणलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक सतराव्या वर्षापर्यंत न्यायालयात दोषी ठरली नाहीत. आठव्या वर्षी मुलाच्या कपाळी शिक्का मारावयाचा म्हटले, तर तो निम्म्याहून अधिक वेळा चुकीच्या कपाळी बसेल.

याच सुमारास एका नाजूक प्रश्नाला वाचा फुटली. मायकेल पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स भागातील वीस माध्यमिक शाळांची तुलना करून १९६७ साली असे मांडले की, न्यायालयात जाणाऱ्या मुलांचे प्रमाण शाळेशाळेत फार भिन्न आहे आणि केवळ वस्तीच्या फरकाने त्याचा उलगडा होत नाही. शाळाच दोषी आहेत की काय, हा प्रश्न त्यातून उघड विचारला गेला. तो शिक्षकांना रुचणे शक्य नव्हते. पुढील पाहणीसाठी शाळांची दारे या संशोधकांना मिळेनाशी झाली. वैज्ञानिकाचा प्रश्न ज्याच्यावर रोखलेला असतो त्याचीच परवानगी काढण्याची वेळ सामाजिक शास्त्रांत अशी वारंवार येते. फॅरिंग्टन यांनी १९७२ साली आक्षेप घेतला तो मात्र निराळ्या प्रकारचा होता. बदनाम माध्यमिक शाळेत जाणारी मुले प्राथमिक शाळेतच त्रासदायक म्हणून ओळखली गेलेली होती. हा भाग वजा केला, तर शाळेच्या वाट्याला फारच थोडे उरते, असे त्यांच्या आकडेवारीतून दिसले.

या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर मुले माध्यमिक शाळेत शिरण्यापूर्वी कशी होती हे ठाऊक असावयास हवे. मायकेल रटर यांच्याजवळ ती माहिती होती. लंडनच्या एका भागातील दहा वर्षांच्या मुलांची १९७० साली त्यांनी तपासणी केलेली होती. तीच मुले बारा माध्यमिक शाळांत विखुरल्यावर त्यांनी त्यांचा मागोवा घेतला. १९७९ सालच्या त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘फिफ्टीन थाउजंड अवर्स’ असे आहे. पाचव्या वर्षापासून शाळा सोडीपर्यंत मूल जे सुमारे पंधरा हजार तास शाळेत घालविते, ते हे तास होत. प्रवेशाच्या वेळचे फरक हिशेबात घेऊनही हजेरी, वर्तन, परीक्षेतील यश आणि गुन्हेगारी या चारही बाबतींत शाळाशाळांत अंतर उरले. त्याचा संबंध इमारतीच्या वयाशी किंवा वर्गाच्या आकाराशी लागला नाही. गृहपाठ दिला आणि तपासला जातो काय, शिक्षक वेळेवर वर्गात येतात काय, मुलाची वाखाणणी होते काय, त्याच्यावर एखादी जबाबदारी सोपविली जाते काय, अशा वरवर सामान्य दिसणाऱ्या गोष्टींशी तो लागला.

येथे एक गोष्ट सहसा सांगावयाची राहून जाते. शाळेच्या या रीतिभातीचा प्रभाव वर्गातील वर्तनावर अधिक आणि गुन्हेगारीवर कमी होता. गुन्हेगारीशी अधिक निगडित होते ते शाळेत जमलेल्या मुलांचे मिश्रण. अभ्यासात मागे असलेली मुले एकाच शाळेत दाटली, म्हणजे तेथील गुन्ह्यांचे प्रमाण वाढलेले दिसे. हुशार मुले निवडून घेणारी शाळा आपल्या यशाबरोबर शेजारच्या शाळेचे अपयशही घडवीत असते, असा याचा अर्थ निघतो. आणि तो एकट्या मुख्याध्यापकाच्या आवाक्यातला नव्हे.

मग शाळा सोडल्यावर काय होते? अमेरिकेत डेल्बर्ट एलियट आणि हारविन व्हॉस यांना १९७४ साली आढळले की, शाळा सोडण्यापूर्वी मुलांचे अपराध वाढत जातात आणि सोडल्यावर ते घटतात. जणू शाळेतील अपमान संपला की बंडाचे कारणही संपते. टेरेन्स थॉर्नबेरी यांनी १९८५ साली फिलाडेल्फियातील मुलांचा पंचविसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा शाळा सोडलेल्यांच्या अटका पुढे वाढलेल्याच दिसल्या. या मतभेदात कायद्यातील बदलांनी अनपेक्षित साह्य केले. इंग्लंडने १९७२ साली शाळा सोडण्याचे किमान वय पंधरावरून सोळावर नेले. त्यामुळे केवळ जन्मतारखेच्या फरकाने काही मुले एक वर्ष अधिक शिकली. त्यात त्यांच्या स्वभावाचा किंवा घराचा काहीही हात नव्हता. या बदलाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा चोरीसारख्या मालमत्तेविषयीच्या गुन्ह्यांत घट झाल्याचे दिसून आले. अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांवरून २००४ साली लान्स लॉकनर आणि एन्रिको मोरेटी हेही याच दिशेच्या निष्कर्षाला आले होते.

शिक्षण वाढविले की गुन्हा घटतो, असे यावरून सरसकट म्हणता येत नाही, कारण चांगल्या हेतूने केलेले साह्यही उलटते. अमेरिकेतील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या प्रेरणेने १९३९ साली एक प्रयोग सुरू झाला. मुलांच्या जोड्या लावून नाणे उडविण्यात आले. एकाला शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे आणि घरी येणारा समुपदेशक लाभला, दुसऱ्याला काहीच नाही. जोन मॅकॉर्ड यांनी त्यांना सुमारे तीस वर्षांनंतर शोधून काढले, तेव्हा बहुतेकांनी या साह्याची प्रशंसा केली. परंतु १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदी निराळेच सांगत होत्या : साह्य मिळालेल्यांचे गुन्हे कमी झालेले नव्हते, आणि मद्यासक्ती, आजार व अकाली मृत्यू यांसारख्या काही बाबतींत त्यांची स्थिती अधिक वाईट होती. तुलनेचा गट नसता, तर हा उपक्रम यशस्वी म्हणूनच नोंदला गेला असता.

याच्या उलट, मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे १९६२ साली गरीब कृष्णवर्णीय घरांतील तीन-चार वर्षांच्या १२३ मुलांवर प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी ५८ मुलांना उत्तम बालशाळा आणि शिक्षिकेच्या नियमित गृहभेटी मिळाल्या. त्यांच्या बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांतच ओसरली. पण चाळिसाव्या वर्षापर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण त्यांच्यात ३६ टक्के, तर उरलेल्यांत ५५ टक्के होते. गणित-वाचनाच्या पलीकडचे काही त्या वर्गात मुलांच्या अंगी लागले असले पाहिजे. शाळेत मन रमणे आणि हाती घेतलेले काम पुरे करणे यांकडे संशोधक बोट दाखवितात.

भारताच्या दृष्टीने यांतील इंग्लंडच्या कायद्याचा दाखला विशेष विचार करण्याजोगा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने १६ वर्षे पूर्ण केलेल्या बालकावर निर्घृण अपराधाबद्दल, प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट खुली केली. या दोन वयांच्या मधली दोन वर्षे शाळेच्या हमीबाहेर राहतात, आणि इंग्लंडमध्ये ज्या एका वाढीव वर्षाने फरक पडला, ते वर्ष याच दोहोंतील आहे.