कठीण काळांतील अमेरिकन टोकनें

नाणें हें राज्यकर्त्याचें वचन होय, अशी आपली सामान्य समजूत आहे. त्यावरील नांव, बिरुद व वर्ष पाहून संशोधक राजाची सत्ता व काल ठरवितो. परंतु ज्यांवर राज्यकर्त्याचीच निंदा कोरली आहे असे तांब्याचे तुकडे बाजारांत सेंटाच्या जागीं चालले, याचें उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सांपडतें. 1832 ते 1844 या कालांतील हे तुकडे ‘हार्ड टाइम्स’, म्हणजे कठीण काळाचीं, टोकनें या नांवानें संग्राहकांस परिचित आहेत. त्यांची साक्ष कशी वाचावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनीं 10 जुलै 1832 रोजीं दुसऱ्या राष्ट्रीय बँकेची सनद वाढविण्याचें विधेयक नामंजूर केलें. 1833 पासून सरकारी ठेवी निरनिराळ्या संस्थानांतील बँकांकडे जाऊं लागल्या. जुलै 1836 मध्यें सरकारी जमिनीची किंमत सोन्यारुप्यांतच घेण्याचा हुकूम निघाला. मार्च 1837 मध्यें मार्टिन व्हॅन ब्युरेन अध्यक्ष झाले. आणि 10 मे रोजीं न्यू यॉर्कच्या बँकांनीं नोटांबद्दल रोख नाणें देण्याचें थांबविलें. व्यवहारांतील धातूचें नाणें दडून बसलें, व ती उणीव खासगी टोकनांनीं कांहीं अंशीं भरून काढिली.

एका टोकनावर जॅक्सन पेटींतून वर आलेले असून त्यांच्या एका हातांत तलवार व दुसऱ्या हातांत थैली आहे. शेजारीं ‘जबाबदारी मी घेतों’ असा लेख आहे. सेना व कोश या दोहोंवर एकाच पुरुषाचा ताबा, हा येथील आक्षेप. 1837 च्या दुसऱ्या टोकनावर पाठीवर तिजोरी घेतलेलें कासव, आणि मागील बाजूस गाढव असून, ‘माझ्या कीर्तिमान् पूर्वाधिकाऱ्याच्या पावलांवर मी चालतों’ असें त्याचें म्हणणें आहे. तिजोरी म्हणजे सरकारी पैसा सरकारनेंच सांभाळावा ही व्हॅन ब्युरेन यांची योजना. तिचा कायदा 1840 मध्यें झाला व 1841 मध्यें रद्द झाला.

कांहीं टोकनांवर ‘संरक्षणास लक्षावधि, खंडणीस एक सेंटही नाहीं’ या 1798 मधील घोषणेचीं अक्षरें आहेत. त्यांतील ‘एक सेंट’ हे शब्द मालेच्या मधोमध येतात. त्यामुळें दिसावयास सेंट, परंतु वाचल्यास सेंट नव्हे, अशी ही शब्दयोजना आहे.

येथें सावधगिरी हवी. शास्त्रार्थांत पूर्वपक्ष कितीही चतुरपणें मांडलेला असला तरी तो सिद्धान्त नव्हे. हीं टोकनें सर्व अरिष्टाचा दोष दोन अध्यक्षांवर ठेवितात. परंतु बँक ऑफ इंग्लंडनें 1836 मध्यें व्याजाचा दर वाढविला होता आणि पुढें कापसाचे भाव कोसळले, याचा त्यांवर मागमूस नाहीं. उलट ‘बँक नष्ट झालीच पाहिजे’ असें जॅक्सन यांच्या बाजूनें बोलणारेंही टोकन आहे. तात्पर्य, 1837 साली काय घडलें याचा हीं टोकनें अपुरा पुरावा आहेत. लोक काय बोलत होते याचा मात्र उत्तम पुरावा आहेत. केवळ दुर्मिळतेवर मोल ठरविणाऱ्या संग्राहकाच्या हातून हा पुरावा निसटतो. म्हणून त्यानें दोन्ही पक्षांचीं टोकनें शेजारीं शेजारीं ठेवावीं, आणि मगच वाचावीं.