अर्धा इंच म्हणजे नक्की किती? जहाजाची ऑर्डर घेण्याआधी आटे मोजा

मागच्या व्हिडिओत आपण शिप चँडलरला माल कसा द्यायचा, उधारी किती दिवसांची धरायची, हे बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: "सर, जहाजाचं फिटिंग ओळखायचं कसं?" व्हिडिओत आकडे भरभर निघून जातात, म्हणून हे लिहून देतोय. शक्य असेल तर व्हर्निअर आणि एखादा जुना निपल हाताशी घेऊनच वाचा.

आधी माझी चूक सांगतो. दुकान नवीन होतं. एका चँडलरकडून व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि खाली एक ओळ: हेक्स निपल, अर्धा इंच, एसएस ३१६, १२ नग, अर्जंट. माझ्याकडे एसएसमध्ये अर्धा इंच होता. दिला. जहाज बाहेर नांगरावर होतं, माल लाँचने गेला. संध्याकाळी फोन. निपल बसला, पान्याने घट्टही झाला, पण सात बारच्या हवेच्या लाइनवर सूं सूं आवाज थांबेना. टेफ्लॉन टेप दुप्पट गुंडाळून झाली, तरी तेच. जहाज जपानी बनावटीचं, लाइन पीटी. मी दिलेला निपल एनपीटी. दुसऱ्या दिवशी बरोबर माल घेऊन पुन्हा लाँच. माझं बिल होतं साडेचार हजारांचं, डेबिट नोट आली अकरा हजारांची. ती मी मुकाट्याने भरली, कारण चूक माझीच होती.

आता ही चूक का झाली ते बघा. आपण "अर्धा इंच" म्हणतो, पण त्या निपलवर कुठेही व्हर्निअर लावा, बाहेरून अर्धा इंच सापडणार नाही. चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. आणि अर्धा इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर (बरोबर सांगायचं तर २०.९५५). हे नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या भोकावरून पडलंय. नाव तसंच राहिलं, माप वेगळंच आहे. एनपीटीचा अर्धा इंची पाइप बाहेरून २१.३ मिलिमीटर. म्हणजे दोघांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फरक. डोळ्याला काय कळणार?

त्यातून गंमत अशी, की अर्धा आणि पाऊण इंचात बीएसपी आणि एनपीटी दोन्हींचे इंचाला १४ आटे. दोन्हींच्या टेपर प्रकाराची निमुळती चालही तीच, १६ ला १. म्हणून एकात दुसरा काही फेरे सहज जातो, मग घट्ट होतो आणि फिटरला वाटतं काम झालं. फरक आट्याच्या कोनात आहे. बीएसपीचा ५५ अंश, एनपीटीचा ६०. त्यामुळे आटे एकमेकांना नीट भिडत नाहीत, मधे बारीक वाट उरते आणि हवा त्या वाटेने गोल गोल फिरत बाहेर येते. टेप काही काळ ती वाट बुजवते, एवढंच. हे दोन साइज मी दुकानात "फसवे" म्हणतो. बाकीचे तसे प्रामाणिक आहेत. पाव इंचात बीएसपीचे १९ आटे, एनपीटीचे १८. एक इंचात ११ आणि साडेअकरा.

मोजायचं कसं? पिच गेज असेल तर उत्तमच. ५५ आणि ६० दोन्हींच्या पात्या ठेवा, आट्यावर पाती बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली की पाती चुकीची. गेज नसेल तर व्हर्निअरने एका आट्याच्या टोकापासून पुढच्या पाचव्या टोकापर्यंत मोजा. ९.०७ मिलिमीटर आलं तर १४ आटे. ६.६८ आलं तर १९, ७.०६ आलं तर १८. ११.५५ म्हणजे ११ आणि ११.०४ म्हणजे साडेअकरा. सरळ साडेसात आलं तर ते इंचाचं फिटिंगच नाही, दीड पिचचा मेट्रिक आटा आहे. ही पाच-सहा मापं मी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलीत. फसव्या साइजला मात्र ९.०७ वर विसंबू नका, तिथे कोनच बघावा लागतो.

मग टेपर. आट्याच्या तोंडाशी एकदा आणि मुळाशी एकदा व्यास घ्या. १६ मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर फरक पडायला हवा. फरक नसेल तर तो पॅरलल आटा, म्हणजे बीएसपीत जी. त्याला सील आट्यात नसतं, वॉशरमध्ये असतं. तिथे टेप गुंडाळणारे लोक बघितले की मला राहवत नाही. डाऊटी वॉशर किंवा तांब्याचा वॉशर द्या आणि त्याचे पैसे वेगळे लावा.

फिटिंगवर शिक्का असेल तर अर्धं काम झालं. जपानी पीटी म्हणजे आपला टेपर बीएसपी, हल्लीच्या शिक्क्यात आर (आतला आटा असेल तर आरसी). पीएफ म्हणजे जी. पण "जहाज कुठे बांधलं" एवढंच विचारून थांबू नका. जहाजाचा सांगाडा जपानचा असेल, प्युरिफायर युरोपचा, एखादं कंट्रोल पॅनल अमेरिकन कंपनीचं. एकाच इंजिन रूममध्ये तीन-चार देशांचे आटे नांदतात. म्हणून मी आता पहिला प्रश्न विचारतो: कुठल्या मशीनवर?

युरोपियन मशीनवर कटिंग रिंगवाली फिटिंग्ज असतात, डीआयएन २३५३. इथला सापळा वेगळा. १२ मिलिमीटर ट्यूबच्या एल म्हणजे लाइट सिरीजचा आटा एम १८ दीड पिच. आणि १० मिलिमीटर ट्यूबच्या एस म्हणजे हेवी सिरीजचा आटाही एम १८ दीड पिच! नुसता नट मोजून ऑर्डर घेतली की मेलात. ट्यूबचा बाहेरचा व्यास विचारा, सिरीज विचारा.

फ्लँजचं थोडक्यात. ५० च्या साइजला जपानी १० के चा बोल्टांचा घेर १२० मिलिमीटर, ५ के चा १०५, डीआयएन पीएन १६ चा १२५. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की घेर थेट मिळतो. फ्लँजवर वेगळा व्हिडिओ करू, विषय मोठा आहे.

आता एक गोष्ट, जिथे मी धंदा सोडायला तयार असतो. पाणी किंवा हवेची लाइन गळली तर नुकसान पैशांचं. फ्युएल ऑइलची लाइन गळून तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर आग लागते, आणि समुद्रात बंब येत नाही. सोलासचा नियमच आहे, की अशा यंत्रणेत तेल पडू शकेल तिथला २२० अंशांवर तापणारा पृष्ठभाग इन्सुलेट हवा. म्हणून फ्युएल आणि हायड्रॉलिकसाठी फोटोवर माल नाही. जुना तुकडा पाठवा, नाहीतर मशीनच्या मॅन्युअलचा पार्ट नंबर द्या. एक चँडलर यावर चिडला आणि दुसऱ्याकडे गेला. जाऊ दे. आणखी एक, समुद्राच्या पाण्याच्या लाइनवर साधं पितळ देऊ नका. त्यातलं जस्त निघून जातं आणि फिटिंग वरून धड, आतून ठिसूळ होतं.

चौकशी आली की माझा ठरलेला मेसेज जातो. मशीन कोणतं, आतून काय वाहतं, प्रेशर किती, बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, पाच आट्यांचं माप, आणि व्हर्निअर लावलेला फोटो. सहा आकडी इम्पा कोड आला असेल तरी हे विचारतोच, कारण कोड टाइप करणारा माणूसच असतो. उत्तर यायला अर्धा तास जातो. कोटेशनमध्ये खाली एक ओळ असते: "आटा ग्राहकाने कळवल्याप्रमाणे". डेबिट नोट आली की हीच ओळ दाखवायची.

ते बारा एनपीटी निपल परत आले होते, खरवडलेले. विकण्यासारखे नव्हते. ड्रॉवरमध्ये ठेवलेत. दुकानात नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्यातला एक आणि पीटीचा एक, दोन्ही मिसळून त्याच्या हातात देतो, व्हर्निअर देतो आणि म्हणतो, जेवायच्या आधी सांग कुठला कुठला.